काका, बीसी-४५५ बोलू लागला

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

काल पहाटे साडेपाचला माझ्या बीसी-४५५ या जुन्या रेडिओ रिसिव्हरवर सात मेगाहर्ट्झला मॉर्स स्वच्छ ऐकू आलं. कुणीतरी सीक्यू, म्हणजे 'ऐकणाऱ्या कुणीही उत्तर द्या' अशी हाक, देत होतं. लगेच तुम्हाला फोन करावासा वाटला, पण सांगायचं ते फोनवर नीट सांगता आलं नसतं. पत्र उघडंच लिहितोय. असे संच हाती घेणाऱ्या इतरांनाही तुम्ही काय केलंत ते कळू दे.

चोर बाजारातून हा रिसिव्हर आणला, तेव्हा मला एवढंच ठाऊक होतं की दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी विमानांत असे 'कमांड सेट' नावाचे रेडिओ संच शेजारी-शेजारी बसवलेले असत. न तपासताच मी त्याला २५० व्होल्ट दिले. व्हॉल्व्हमधल्या स्क्रीन ग्रिड नावाच्या जाळीचा कंडेन्सर गळका निघाला, म्हणजे त्यातून वीज झिरपत होती, आणि रेझिस्टन्समधून धूर आला. तसाच तो डबा उचलून तुमच्या दारात आलो. आपली ओळख एअरवर, म्हणजे हौशी रेडिओवर, दोन-चारदा बोलण्यापुरतीच होती.

तुम्ही झाकण काढलंत, वास घेतलात आणि म्हणालात, "आधी कंडेन्सर मोज, मग वीज दे."

नवे कंडेन्सर खालून जोडून काम उरकता आलं असतं. ते तुम्ही करू दिलं नाहीत. पत्र्याच्या त्या चपट्या डब्या, एकेकीत तीन-तीन कंडेन्सर. सोल्डर वितळवून तळ उचलायचा, आतलं तेलकट कागदाचं भेंडोळं काढायचं, डबी धुऊन वाळवायची आणि हरभऱ्याएवढे नवे कंडेन्सर आत बसवून पुन्हा बंद करायची. पहिल्या डबीलाच अख्खा रविवार गेला. वाळत घालायच्या कपड्यांचा लाकडी चिमटा लावून तुम्ही तो पत्रा धरून बसला होतात. काकूंनी दोनदा चहा आणला, दोन्ही वेळा गार झाला. आज संच उघडला तर आतून तो कारखान्यातून आला तसाच दिसतो.

बारा व्होल्टवाले सहाही व्हॉल्व्ह समांतर जोडून घ्यायचा माझा विचार होता. "सिरीजमध्ये दोन-दोनच्या जोड्या आहेत, तशाच राहू देत, तू २८ व्होल्टचा सप्लाय कर," असं तुम्ही सांगितलंत. हवाईदलात डकोटा विमानावर रेडिओ सांभाळलेल्या माणसाचं ऐकलं, हे फार बरं झालं. पुढे डायनामोटर (२८ व्होल्टवरून व्हॉल्व्हना लागणारा जास्त व्होल्टेज तयार करणारं फिरतं यंत्र) फिरवायची वेळ आली तेव्हा तोच सप्लाय कामी आला.

आणि ती खुंटी. विमानात संच वैमानिकापासून दूर असायचा, ट्यूनिंग लवचीक शाफ्टमधून व्हायचं. त्यामुळे संचाच्या तोंडावर नुसता दातेरी दांडा, बाजारातली कुठलीही नॉब त्यावर बसेना. शेवटच्या रविवारी तुम्ही उठलात, कपाटावरच्या तुमच्या स्वतःच्या, याच कुळातल्या बीसी-४५३ संचाची, तीस वर्षांपूर्वी लेथवर करून घेतलेली पितळी खुंटी काढलीत आणि माझ्या हातात ठेवलीत. मला 'नको' म्हणायलाही सुचलं नाही, आभार तर राहूनच गेले. काल पहाटे तीच फिरवत होतो, थंडगार, कडेला तुमच्या बोटांनी गुळगुळीत झालेली.

काका, मनापासून आभार. भोसरीतल्या एका लेथवाल्याकडून तशीच दुसरी करून घेतली आहे. दाते नीट बसतात, माझ्या संचावर लावून पाहिलंय. रविवारी घेऊन येतो. नवी माझ्याकडे राहील, तुमची तुमच्या संचावर परत.

तुमचा,
पहाटेचा विद्यार्थी