‘घरात कुणाला कॅन्सर होता का?’

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

सप्टेंबर हा बालकर्करोगाविषयी जागृतीचा महिना. त्या निमित्तानं लक्षणांवर, खर्चावर बरंच छापून येतं. मला केसपेपरवरच्या एका प्रश्नाबद्दल लिहायचं आहे.

गेल्या वर्षी माझ्या चार वर्षांच्या पुतण्याच्या मांडीत गाठ आली. बायॉप्सीत ऱ्हॅब्डोमायोसार्कोमा, म्हणजे स्नायूंसारख्या पेशींचा कर्करोग, निघाला. डॉक्टरांनी विचारलं, ‘घरात कुणाला कॅन्सर होता का?’ भाऊ ‘नाही’ म्हणाला. मी शेजारीच होतो, मीही मान हलवली. आमची थोरली बहीण २९व्या वर्षी स्तनाच्या कर्करोगानं गेली, हे दोघांनाही ठाऊक होतं. पण तेव्हा धाकटीचं लग्न व्हायचं होतं, म्हणून सगळ्यांना ‘कावीळ’ सांगितलं आणि पंधरा वर्षांत ती कावीळच आमच्या तोंडी बसली. इकडे बोलणी खात होती वहिनी. गरोदरपणी ग्रहण पाळलं नाही म्हणे!

बायॉप्सीतल्या पेशींचं रूप पाहून डॉक्टरांना शंका आली आणि त्यांनी सगळ्यांना बसवून पुन्हा विचारलं. तेव्हा आई बोलली. वडील ३८व्या वर्षी गेले ते नुसत्या फिट येऊन नव्हे, त्यांच्या डोक्यात गाठ होती. आम्ही दोघे भाऊ तेव्हा लहान होतो.

तपासणीत मुलाच्या टीपी५३ या जनुकात जन्मजात बिघाड सापडला. भावातही तोच. एरवी हे जनुक पेशींची बेसुमार वाढ रोखतं. १९६९मध्ये अमेरिकेत फ्रेडरिक ली आणि जोसेफ फ्राउमेनी यांनी ऱ्हॅब्डोमायोसार्कोमाच्याच ६४८ मुलांच्या नोंदी तपासल्या. त्यांत चार कुटुंबं अशी निघाली की मुलाच्या सख्ख्या किंवा चुलत-मावस भावंडालाही सार्कोमा (स्नायू, हाडं अशा ठिकाणचा कर्करोग) होता आणि नात्यात तरुणपणीच कर्करोग झालेले होते. म्हणजे हा धागा घराण्याची हकीकत विचारूनच हाती लागला. टीपी५३चा संबंध कळला १९९०मध्ये.

घाबरवायचा हेतू नाही. अमेरिकेत ऱ्हॅब्डोमायोसार्कोमाच्या ६१५ रुग्णांची तपासणी झाली, त्यांत कर्करोगाचा धोका वाढवणारा जन्मजात दोष सुमारे ७ टक्क्यांतच आढळला. कधी तो मुलात नव्यानंच आलेला असतो, आईवडील दोघेही निर्दोष असतात. पण ज्यांच्यात टीपी५३चा दोष आहे त्यांचे उपचारच बदलतात. शेक, म्हणजे रेडिएशन, जमेल तिथे टाळतात, कारण त्यातून दुसरा कर्करोग उद्भवण्याची भीती असते. दर वर्षी सगळ्या अंगाचं एमआरआय, दर तीन-चार महिन्यांनी पोटाची सोनोग्राफी, असं वेळापत्रक असतं. टोरांटोच्या डॉक्टरांनी अशी कुटुंबं वर्षानुवर्षं पाहिली. तपासण्या करून घेणाऱ्यांपैकी पाच वर्षांनी सुमारे ८९ टक्के हयात होते, न घेणाऱ्यांपैकी ६०.

हे एका ‘नाही’मुळे आमच्या हातून निसटणार होतं. माझी रुग्णालयांना विनंती आहे, हा प्रश्न गर्दीत, उभ्या उभ्या विचारू नका. आजीला वेगळं बसवा, ‘कॅन्सर’ शब्द न काढता कोण कितव्या वर्षी आणि कशानं गेलं ते विचारा, दोन्हीकडच्या तीन पिढ्यांचं. आणि घरच्यांनो, माहेर-सासरचा हिशेब मांडू नका. आमचा दोष आमच्याच घराण्यातला निघाला. वहिनीची माफी मागायला आम्हाला वर्ष लागलं.

भावात जे आहे ते माझ्यातही असण्याची शक्यता निम्मी. माझं रक्त सोमवारी जाणार आहे. दोन्ही मुलींना जवळ बसवून त्यांच्या आत्याला काय झालं होतं, ते काल सांगितलं.

आपला,
एक वाचक, सातारा