तारकर्लीच्या ताईंना, एकशे अठरा पावलांबद्दल

स. न. वि. वि.

तारकर्लीहून परतून आम्हांला आज पंधरा दिवस झाले. निघताना तुमचे हात हातात घेऊन मी 'येते' एवढेच म्हणू शकले, कारण त्यापुढे एक शब्द जरी बोलले असते तरी रिक्षावाल्यासमोर रडू कोसळले असते. तेव्हा जे राहून गेले ते आता लिहिते आहे. तुमचे नाव कुठेही येऊ द्यायचे नाही ही तुमची अट पाळली आहे. पत्र मात्र मुद्दाम उघडे ठेवले आहे, कारण ज्यांनी ते वाचायला हवे त्यांतले एक गृहस्थ आमच्या नागपुरातच सहलींचे दुकान मांडून बसलेले आहेत.

त्यांचे आधी उरकून टाकते. दोन वर्षांपूर्वी मी शाळेतून निवृत्त झाले आणि हातात आलेल्या पैशांतून पहिली गोष्ट ठरवली ती आईला समुद्र दाखवण्याची. आईचे माहेर भंडारा जिल्ह्यातले. तलावांचा जिल्हा तो; पाणी तिला नवे नाही, पण ज्याचा पलीकडचा काठ दिसत नाही असे पाणी तिने वयाच्या एकोणऐंशीव्या वर्षापर्यंत पाहिलेले नव्हते. नागपूरच्या माणसाला समुद्र म्हणजे एक पूर्ण रात्र आगगाडीत काढल्याशिवाय न दिसणारी वस्तू आहे. मुंबईच रेल्वेने ८३७ किलोमीटर, आणि कोकण त्याच्याही पुढे. त्यामुळे आमच्याकडे असा प्रवास आयुष्यात एखाद्या वेळी होतो, आणि फसला तर पुन्हा करू म्हणण्याची सोय नसते. त्या गृहस्थांना मी हे सगळे सांगितले होते. आईचे दोन्ही गुडघे झिजले आहेत, ती काठी टेकत घरातल्या घरात चालते, हेही सांगितले होते. त्यांनी हसून उत्तर दिले, 'काकू, काळजीच नको. समुद्र पाच मिनिटांवर आहे.'

पाच मिनिटे होती, पण ती टेकडीवरून मोटारसायकलने खाली उतरणाऱ्या तरण्या पोराची होती. पायी जायचे तर जांभ्या दगडाच्या ब्याण्णव पायऱ्या उतरायच्या होत्या, आणि त्यांना कठडाही नव्हता. आईने तीन दिवस सज्जातल्या खुर्चीवर बसून दोन माडांच्या आणि एका पाण्याच्या टाकीच्या फटीतून जो निळा तुकडा दिसत होता तो पाहिला. परत आल्यावर त्या गृहस्थांना विचारले तर म्हणाले, 'पण व्ह्यू तर होता ना?' पैशांचे दुःख केव्हाच संपले. पण नागपूरला आल्यावर शेजारणींनी विचारले तेव्हा आईने सगळ्यांना सांगितले, 'लय छान होता समुद्र', आणि ते ती माझ्याकडे न बघता म्हणाली. लेकीच्या निवृत्तीचा पैसा वाया गेला हे लोकांना कळू नये म्हणून म्हातारी खोटे बोलली. ते मला दोन वर्षे डाचत राहिले.

या वर्षी श्रावणात तुम्हांला फोन केला तेव्हा माझा आवाज कोरडा वाटला असेल, तर त्याचे कारण हे होते. तुमच्याआधी मी चार ठिकाणी बोलले होते आणि चारही ठिकाणी 'सगळं जवळच आहे' आणि 'थोडी आगाऊ रक्कम पाठवून ठेवा' ही दोनच वाक्ये मागेपुढे करून ऐकली होती. तुम्ही मात्र खोलीचे भाडे सांगण्याआधीच विचारलेत, 'आईंना समुद्र बघायचा आहे, की समुद्रात पाय घालायचे आहेत? दोन्हींची सोय वेगळी लागते.' इतक्या वर्षांत हा प्रश्न मी स्वतः आईला विचारलेला नव्हता. मी फोन हातात धरूनच तिला विचारले. ती म्हणाली, 'मले किल्ला नाही पाहाचा, देऊळ नाही पाहाचं. पाय बुडवाचे हायेत, बस.' तुम्ही ते पलीकडे ऐकलेत आणि हसलात.

मग आमची ठरवलेली तारीख तुम्ही मोडीत काढलीत. त्रिपुरी पौर्णिमेला समुद्रावर असावे ही माझी हौस होती. तुम्ही म्हणालात, पौर्णिमेला उधाण असते, भर दुपारच्या आधी पाणी पार वर चढून येते, तेव्हा पाण्याला पाय लावायचे तर कोरड्या वाळूच्या उतरणीवर उभे राहावे लागेल; आणि संध्याकाळी म्हणाल तर तेच पाणी इतके लांब जाईल की आईंना तिथवर नेणेच कठीण. त्यापेक्षा आठवडाभर आधी या, अष्टमीच्या आसपास. तेव्हा भांग असतो, पाणी फार चढत नाही आणि फार उतरतही नाही. वेळ कशी काढायची तेही तुम्ही सांगितलेत: तिथीला तीनाने गुणायचे आणि चाराने भागायचे, जे येईल त्या तासाला भरती. अष्टमीला सहा, म्हणजे सकाळी सहाला पाणी भरणार, मग उतरू लागणार, आणि साडेआठच्या सुमारास जी ओली वाळू उघडी पडते तिच्यावर माणूस फरशीवर चालावा तसा चालतो. मी बत्तीस वर्षे शाळेत गणित शिकवले, त्रैराशिकाची शेकडो उदाहरणे फळ्यावर सोडवली, पण पंचांग आणि समुद्र एकाच उदाहरणात मांडलेले पहिल्यांदाच ऐकले. त्या रात्री मी कागद घेऊन पंधराही तिथींच्या वेळा काढल्या आणि नातवाला दाखवल्या. हे थोडे विषयांतर झाले; शिक्षकाची खोड आहे.

प्रवासाची आखणीही अर्धी तुमचीच. मुंबईला पोहोचून लगेच त्याच रात्री पुढची गाडी पकडण्याचा आमचा बेत तुम्ही हाणून पाडलात, एक रात्र दादरला भाचीकडे काढायला लावलीत आणि कुडाळपर्यंत दिवसाच्या मांडवी एक्स्प्रेसने या म्हणालात, कारण झोपेत कोकण आले तर म्हातारीला आपण कुठे आलो हेच कळणार नाही. त्यासाठी आमच्या पाच रात्रींमधली एक रात्र तुमच्याकडून कमी झाली, म्हणजे तुमचेच भाडे बुडाले. हे तुम्ही बोललाही नाहीत. मी बिल पाहिले तेव्हा लक्षात आले.

आता मुख्य गोष्ट, जिच्यासाठी हे पत्र आहे. पहिल्याच फोनवर मी विचारले होते की रस्त्यापासून पाणी किती लांब आहे. तुम्ही उत्तर दिले नाही. 'आत्ता सांगितलं तर ते चुकीचं होईल,' असे म्हणालात. पावसाळ्यात लाटा वाळू ओढून नेतात, किनारा खचतो, दिवाळीपर्यंत ती वाळू हळूहळू परत भरते, तेव्हा नवरात्रात बघून सांगते. खरे सांगते, मला ते टाळणे वाटले. गणपती आले आणि गेले, पितृपक्ष संपला, तुमचा फोन नाही. मी यजमानांना म्हटलेसुद्धा, की हेही त्यातलेच निघाले, फक्त बोलायला गोड. त्या बोलण्याबद्दल मी तुमची क्षमा मागते.

नवरात्रातल्या अष्टमीला मी कोराडीच्या देवीच्या रांगेत उभी होते. सकाळचे नऊ वाजून गेले असतील. तुमचा फोन आला आणि मागे वाऱ्याचा एवढा आवाज होता की निम्मे शब्द उडून जात होते. तुम्ही म्हणालात, 'लिहून घ्या. एकशे अठरा पावलं. त्यातली शेहेचाळीस सुरूच्या झाडांखालची, ती घट्ट मातीची, भीती नाही. मग एकतीस भुसभुशीत वाळूची, तिथे दोघांनी धरावं लागेल. मग एक्केचाळीस ओल्या वाळूची, ती सोपी.' मी भारावून म्हटले की एकशे अठरा म्हणजे काहीच नाही, तेव्हा तुम्ही मला थांबवलेत. 'माझी पावलं नव्हेत ती. माझ्या सासूबाईंना घेऊन आले, त्यांची मोजली. त्या पंच्याऐंशीच्या आहेत. तुमी काय एक काळजी करू नकात.'

ताई, तुम्ही महिन्याहून जास्त थांबलात ते अष्टमीसाठी. आम्ही ज्या तिथीला येणार तीच तिथी, तोच तास, म्हणजे पाणीही त्याच जागी. घरात सणाची धांदल असताना तुम्ही सासूबाईंना हाताला धरून किनाऱ्यावर घेऊन गेलात, आणि ज्या बाईला तुम्ही कधी पाहिले नव्हते तिच्यासाठी त्या दुसऱ्या म्हातारीनेही एकशे अठरा पावले टाकली. मी रांगेत उभी राहून रडले. पुढची बाई मागे वळून म्हणाली, 'येईल हो नंबर, धीर धरा.'

मला तेव्हापासून एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते आहे. 'पाच मिनिटांवर', 'हाकेच्या अंतरावर', 'अगदी लागूनच' ही आपली सगळी अंतरे सांगणाऱ्याच्या पायांनी मोजलेली असतात. दवाखान्यातला शिपाई 'इथून सरळ जा' म्हणतो, बँकेतला माणूस 'वरच्या मजल्यावर विचारा' म्हणतो, आणि त्यांच्यापैकी कोणीही दुष्ट नसतो. समोरच्याच्या गुडघ्यांत आपले पाय घालून बघावे असे त्यांना सुचत नाही, एवढेच. त्या सहलवाल्या गृहस्थांवरचा माझा रागही आता निवळला आहे. पूर्ण नाही. ब्याण्णव पायऱ्या कोणीतरी एकदा मोजून यायला हरकत नव्हती.

त्यानंतरचे तुम्ही पाहिलेच आहे, तेव्हा लांबवत नाही. कार्तिकातल्या अष्टमीला सकाळी आपण निघालो, एका बाजूला माझा मुलगा आणि दुसऱ्या बाजूला तुम्ही. एकतीस पावलांच्या मधोमध तुम्ही आधीच खुर्ची ठेवली होती. आई तिच्यावर दोन क्षण टेकली आणि लगेच उठली. ओली वाळू लागली तशी तिने काठी माझ्या हातात दिली. तिचे ओठ सारखे हलत होते, आणि आम्हां सगळ्यांना वाटले की ती नामस्मरण करते आहे. पाणी पहिल्यांदा घोट्यापर्यंत आले आणि परत जाताना पायांखालची वाळू सरकली तेव्हा ती किंचित दचकली, तुमचा दंड घट्ट धरला, आणि मग तिथून हलायला तयार होईना. दहा वाजून गेले तरी नाही. तुमचे घावणे त्या दिवशी थंड झाले, त्याबद्दलही तुम्ही काही बोलला नाहीत.

दुसऱ्या दिवशी मुलगा आणि नातू मालवणहून होडीने सिंधुदुर्ग किल्ल्यावर गेले. १६६४ साली शिवाजी महाराजांनी बांधायला घेतलेला तो किल्ला आईने धक्क्यावरूनच पाहिला आणि हात जोडले. चहूकडे खारे पाणी असताना आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव अशा गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत हे नातवाने येऊन सांगितले, तर तिचा विश्वास बसेना. शेवटी तुमच्या सासूबाईंनी साक्ष दिली, तेव्हा पटले. त्या दोघी सोप्यावर बसून एकमेकींशी काय बोलत होत्या, एकीची मालवणी आणि दुसरीची झाडीकडची बोली, हे मला शेवटपर्यंत कळले नाही. पण बोलणे संपत नव्हते.

निघताना मी वरचे पैसे पुढे केले तेव्हा तुम्ही जरा रागावलात. म्हणून आता पैसे पाठवत नाही. सोबत अंबिया बहाराच्या संत्र्यांची एक पेटी येते आहे. वरून हिरवट दिसली तरी आंबट समजू नका, आमच्याकडची अशीच असतात आणि आतून गोड निघतात. पेटी आल्याबरोबर उघडून फळे टोपलीत पसरून ठेवा, तुमच्या दमट हवेत बांधून ठेवली तर लवकर लागतील. थोडी संत्राबर्फीही आहे, ती फक्त सासूबाईंची.

आणि एक निरोप आईचा, जो मी लिहिल्याशिवाय पत्र बंद करायचे नाही असा हुकूम आहे. त्या दिवशी तिचे ओठ हलत होते ते नामस्मरण नव्हते. ती मोजत होती. इथे आल्यावर चार दिवसांनी, दुपारचा चहा पिताना, आपण होऊन म्हणाली, 'त्या ताईले सांग, एकशे चोवीस झाले. सहा जास्त. पण थे मायेच चुकले असतील, खुर्चीवर बसली तवा गिनती सुटली होती.'

आपली,
नागपूरची पाहुणी