मुद्राचित्रांच्या पेट्या फिरवाव्यात

मा. संपादक,
स. न. वि. वि.

करोनाकाळावर लेख, कविता, आठवणी भरपूर छापून आल्या; त्याच दिवसांत हाताने कोरून छापलेल्या मुद्राचित्रांची मात्र फारशी दखल घेतली गेली नाही. ज्या वडोदऱ्यात १९५० पासून ललित कलांचे शिक्षण दिले जाते आणि ज्योती भट यांच्यासारखे मुद्राचित्रकार घडले, तेथे तरी ही उपेक्षा खटकते.

टाळेबंदीत कार्यशाळांना कुलपे लागली. एचिंगला, म्हणजे धातूच्या पत्र्यावर आम्लाने चित्र कोरून छापायला, आम्ल आणि जड छापयंत्र लागते, ते घरी कुठून आणणार? पण लिनोलियमचा (जमिनीवर अंथरतात त्या मऊ, कोरता येणाऱ्या आवरणाचा) तुकडा, दोन-तीन कोरण्या, शाई आणि रोलर एवढ्या सामग्रीवर स्वयंपाकघराच्या ओट्यावरही चित्र छापता येते. शाई लावलेल्या ठशावर कागद ठेवून चमच्याच्या पाठीने घासत राहायचे. एका तरुण चित्रकाराने असे छापलेले लिनोकट मी पाहिले. डोक्यावर बोचकी घेऊन महामार्गाने चाललेले कुटुंब, तोंडाला रुमाल, मागे ओस टोलनाका. कोरताना मधे राहून गेलेले बारीक उंचवटेही शाई धरतात. रस्त्याच्या भागातले असे ओरखडे त्याने मुद्दाम राहू दिले आहेत आणि त्यामुळे डांबर उन्हाने तापल्याचा भास होतो. हे दृश्य छायाचित्रांत पाहून पाहून नजर सरावली होती, ती येथे अडखळली.

मुद्राचित्राच्या एकाच ठशातून अनेक प्रती निघतात आणि त्यातली प्रत्येक मूळ कलाकृतीच असते, हे पुष्कळ रसिकांनाही ठाऊक नसते. हातोहात जाणाऱ्या चित्राची सत्तेलाही धास्ती वाटते: चित्रकार चित्तप्रसाद यांनी १९४३ च्या बंगालच्या दुष्काळावर काढलेल्या चित्रांची पुस्तिका ब्रिटिश सरकारने जप्त करून नष्ट केली होती.

सयाजीराव महाराजांच्या ग्रंथालय चळवळीत पुस्तकांच्या पेट्या गावोगाव फिरत. त्याच धर्तीवर महानगरपालिका व विद्यापीठाने मिळून या काळातील मुद्राचित्रांच्या पेट्या तयार कराव्यात आणि त्या शाळांत, वाचनालयांत, रुग्णालयांच्या प्रतीक्षालयांत आळीपाळीने पाठवाव्यात. प्रती रीतसर मोल देऊन विकत घ्याव्यात. कलावंताकडे फुकट मागण्याची आपली जुनी खोड येथे तरी नको. कागदाला पावसाळ्यात बुरशी धरते, म्हणून प्रती काचेच्या चौकटीत बसवाव्यात आणि प्रत्येकीखाली मराठी व गुजरातीत दोन ओळींची माहिती द्यावी. पहिली पेटी मध्यवर्ती ग्रंथालयात ठेवता येईल.

आपला,
एक वाचक, दांडिया बाजार, वडोदरा