समुद्राच्या त्या अर्ध्या मिनिटासाठी

प्रिय अनोळखी चित्रणकारास,

सप्रेम नमस्कार.

आपले नाव मला ठाऊक नाही आणि आपण कुठे राहता याचीही मला कल्पना नाही. आपल्याविषयी मला जे काही कळले, ते आपण केलेल्या चित्रणातूनच कळले. अमेरिकेत फ्लोरिडातील वॉल्ट डिस्ने वर्ल्डमध्ये, एपकॉट या मनोरंजन उद्यानात असलेली ‘होरायझन्स’ ही राइड कायमची बंद होण्याच्या काही आठवडे आधी, डिसेंबर १९९८ मध्ये, आपण व्हिडिओ कॅमेरा घेऊन तिच्यात लागोपाठ तीन वेळा बसलात. कॅसेटवरून उतरवलेले ते चित्रण किती हातांतून फिरले असेल कोण जाणे, पण अखेर ते माझ्यापर्यंत पोहोचले, आणि आमच्या घरात पंचवीसहून अधिक वर्षे अपुरी राहिलेली एक गोष्ट त्यामुळे पुरी झाली. त्याबद्दल आपले आभार मानण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. पत्ता माहीत नसल्यामुळे ते उघडच लिहावे लागत आहे.

आम्ही चौघे, म्हणजे आई, बाबा, दादा आणि मी, त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात या राइडमध्ये बसलो होतो. मी तेव्हा आठ वर्षांची होते. होरायझन्सच्या एका गाडीत चौघे शेजारी शेजारी बसत असत आणि डोक्यावरच्या रुळाला टांगलेल्या त्या गाड्या, न थांबणाऱ्या साखळीसारख्या, एका कुशीने सरकत असत. त्यामुळे समोर पाठमोऱ्या रांगा दिसायच्या नाहीत. समोर असायचे ते थेट दृश्यच. राइडच्या शेवटी प्रत्येक गाडीतल्या प्रवाशांना एक प्रश्न विचारला जाई: परतीचा प्रवास कुठून करायचा, वाळवंटातून, समुद्रातून की अंतराळातून? समोरची बटणे दाबून मत द्यायचे आणि बहुमत ज्याला मिळेल ते दृश्य त्या गाडीपुढे उलगडायचे. बाबा, दादा आणि मी अंतराळाचे बटण दाबले. आईने समुद्राचे दाबले होते. तिचे मत एकटे पडले, आम्ही तिघे आनंदाने ओरडलो, आणि ती हसून “पुढच्या वेळी समुद्र” एवढेच म्हणाली. पुढची वेळ आलीच नाही, कारण ९ जानेवारी १९९९ रोजी होरायझन्स बंद झाली.

तेव्हा मला त्यात काही विशेष वाटले नव्हते. मोठे झाल्यावर, घरातल्या लहानसहान निर्णयांत आईचे मत किती वेळा असेच तीनास एक पडत गेले हे लक्षात येऊ लागले, तशी ती समुद्राची वाट मनात सलू लागली. राइड पाडलेली, यंत्रे गेलेली; ते दृश्य तिला दाखवायचे तरी कसे, याचे उत्तर माझ्याकडे नव्हते. ते आपल्याकडे होते.

आपल्या चित्रणाने आधी माझ्याच आठवणी दुरुस्त केल्या. मला खात्रीने वाटत असे की राइडची सुरुवात अंतराळातून होते. प्रत्यक्षात तिची सुरुवात भूतकाळातील माणसांनी रंगवलेल्या भविष्याने होत होती: तोफगोळ्यासारख्या यानात तरंगणारा ज्यूल व्हर्नचा चंद्रप्रवासी, मग एकोणिसाव्या शतकातील फ्रेंच चित्रकार आल्बेर रोबिदाच्या कल्पनेतील हवाई वाहनांचे पॅरिस, आणि त्यानंतर यंत्रमानवांवर घरकाम सोपवून निवांत बसलेली माणसे. त्यापुढे सुमारे ८० फूट व्यासाच्या दोन प्रचंड वक्र पडद्यांचे दालन येई, ज्यात अवकाशयानाचे उड्डाण इतके जवळून दिसे की मी दादाचा हात घट्ट धरला होता. आपल्या कॅमेऱ्यात ते पडदे मावलेले नाहीत, आणि मावणार तरी कसे? पण त्या क्षणी कॅमेरा आपण हळूच वर उचललात, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत नेलात आणि पुन्हा खाली आणलात. त्या एका हालचालीवरून दालनाचा आवाका समजतो. पुढची भविष्यातली घरेही आपण क्रमाने टिपली आहेत: नोव्हा सिटे हे शहर, मेसा व्हर्डे ही वाळवंटातील शेती, सी कॅसल ही समुद्रावरची वसाहत आणि ब्रावा सेंटॉरी हे अंतराळातले वस्तीस्थान. या सगळ्यांत एकच कुटुंब विखुरलेले असते आणि शेवटी वाढदिवसासाठी ते दूरध्वनीवरच्या त्रिमितीय प्रतिमांतून एकत्र येते. १९८३ साली, व्हिडिओ कॉल घरोघरी पोहोचण्याच्या कितीतरी आधी, हे दृश्य उभे केले गेले होते. न्यूयॉर्कच्या १९६४ च्या जागतिक प्रदर्शनासाठी तयार झालेल्या ‘कॅरोसेल ऑफ प्रोग्रेस’ या सादरीकरणाचा पुढचा भाग म्हणून होरायझन्सकडे पाहिले जाते. त्या सादरीकरणाप्रमाणेच इथेही यंत्रांची गोष्ट एका घराच्या निमित्ताने सांगितलेली आहे, आणि माझ्या मते होरायझन्सवर लोकांचा इतका जीव जडण्याचे खरे कारण तेच असावे.

अंधाऱ्या राइडचे चित्रण करणे त्या काळी किती कठीण होते, याचा अंदाज मला चित्रफीत वारंवार पाहिल्यावर आला. त्या वेळच्या घरगुती कॅमेऱ्यांना कमी उजेड मानवत नसे. काळ्या जागी करड्या कणांची नुसती गर्दी होई आणि प्रक्षेपित चित्रे लुकलुकत. दिवा लावला असता तर प्रसंगाची सगळी जादू नाहीशी झाली असती आणि शेजारच्या गाड्यांतील प्रवाशांचा विरसही झाला असता. आपण दिवा लावला नाहीत. कॅमेरा बहुधा गाडीच्या कडेला टेकवून धरला असावा, कारण पंधरा मिनिटांच्या प्रवासात चित्र क्वचितच हलते. पहिल्या फेरीत आपण समोरचे दृश्य टिपले, दुसऱ्या फेरीत छताकडचे आणि कोपऱ्यांतले बारकावे टिपलेत, आणि तिसऱ्या फेरीत दोन दृश्यांमधला अंधारही तोडला नाहीत, जेणेकरून गाडीचा वेग आणि एका प्रसंगाचे संगीत दुसऱ्यात मिसळत जाणे जसेच्या तसे राहावे. पुढे कोणाला हे सारे लागेल, या जाणिवेने केलेले हे काम आहे.

एका जागी मात्र कॅमेरा असहाय होता. मेसा व्हर्डेच्या दृश्यात फळबागेजवळून गाडी जाताना संत्र्यांचा वास येत असे. होरायझन्समध्ये बसलेल्या कोणालाही विचारा, तो सर्वात आधी त्या वासाबद्दलच बोलेल. आपल्या चित्रफितीत ती बाग जवळ येते, आणि एरवी पूर्ण शांत असलेल्या आपला एक दीर्घ श्वास ऐकू येतो. पहिल्या फेरीत येतो, दुसऱ्या फेरीत येतो आणि तिसऱ्या फेरीत तो सर्वात लांब आहे. वास नोंदवता येत नाही हे खरे, पण तो कुठे सुरू होत होता आणि कुठे संपत होता हे त्या श्वासामुळे नेमके कळते. त्या श्वासाबद्दल आपले स्वतंत्र आभार मानते. आईला चित्रफीत दाखवताना मी त्याच जागी एक संत्रे सोलले.

ही राइड का गेली, हे आपण माझ्यापेक्षा चांगले जाणत असाल. जनरल इलेक्ट्रिकचे प्रायोजकत्व १९९३ मध्ये संपले, १९९४ च्या डिसेंबरमध्ये ती बंद झाली, वर्षभराने शेजारच्या दोन राइड्सच्या नूतनीकरणाच्या काळात पुन्हा उघडली, आणि मग कायमची मिटली. पुढे ती इमारतही जमीनदोस्त झाली व २००३ मध्ये त्या जागी ‘मिशन: स्पेस’ ही नवी राइड उभी राहिली. तिच्या रांगेत असलेल्या प्रचंड चाकाच्या मध्यभागी होरायझन्सचे बोधचिन्ह ठेवलेले आहे. ज्याने ते ठेवले त्याच्याविषयीही माझ्या मनात आदर आहे, परंतु चिन्हावरून समुद्राची वाट दिसत नाही.

आणखी एक गोष्ट आपल्याला सांगावीशी वाटते. ‘आपण स्वप्न पाहू शकलो, तर ते प्रत्यक्षातही आणू शकतो’ या अर्थाचे वाक्य आज जगभर वॉल्ट डिस्ने यांच्या नावाने सांगितले जाते. ते त्यांचे नाही. त्यांचे निधन १९६६ मध्येच झाले होते. ते होरायझन्ससाठी डिस्ने कंपनीतील टॉम फिट्झगेराल्ड यांनी लिहिले. वाक्य सर्वदूर गेले आणि लिहिणाऱ्याचे नाव मागे राहिले. आपल्या चित्रणाचेही तसेच झाले आहे: ते अनेकांनी पाहिले, अनेकांनी जपले, पण त्यावर आपले नाव कुठेही नाही. हे पत्र कधी आपल्या हाती पडले, तर निदान एका घरात तरी ‘हे कोणी केले असेल’ असे दरवेळी विचारले जाते, हे आपल्याला कळावे.

आता मुख्य गोष्ट. तीन फेऱ्यांमध्ये आपण तीन वेगवेगळे शेवट निवडलेत. गाडीत आपण एकटेच असावात, कारण प्रश्न येताच क्षणाचाही विलंब न होता निवड होते आणि आपल्याला कोणाचे मन वळवावे लागत नाही. पहिल्या फेरीत वाळवंट, दुसरीत अंतराळ, तिसरीत समुद्र. लघुप्रतिकृतींवरून कॅमेरा फिरवून तयार केलेले ते प्रत्येक दृश्य जेमतेम अर्ध्या मिनिटाचे आहे. या अर्ध्या मिनिटासाठी आपण पुन्हा रांगेत उभे राहिलात आणि पुन्हा सगळी राइड टिपलीत, यासाठी आपले आभार कोणत्या शब्दांत मानावेत ते मला कळत नाही.

गेल्या महिन्यात मी ती तिसरी फेरी आईला दाखवली. बाबा शेजारी बसले होते आणि दादा दुसऱ्या शहरातून व्हिडिओ कॉलवर होता. सी कॅसलमधली, पाण्यात उतरण्याच्या तयारीत असलेली शाळकरी मुले दिसली तेव्हा आई म्हणाली, “यांच्यामुळेच मी समुद्र म्हटलं होतं.” हे तिने आम्हाला पूर्वी कधी सांगितले नव्हते, किंवा आम्ही कधी विचारले नव्हते. प्रश्नाची जागा आली तशी ती म्हणाली, “थांब जरा.” मी चित्र थांबवले. ती उठून पडद्याजवळ गेली, समुद्राच्या चित्रावर तिने बोट टेकवले आणि माझ्याकडे पाहिले. “माझंही समुद्रालाच,” दादा पलीकडून म्हणाला. बाबांनी नुसता हात वर केला. मग मी चित्र पुढे सुरू केले, आणि आई ते संपूर्ण अर्धे मिनिट पडद्याजवळ उभीच राहिली.

आपली कृतज्ञ,
त्या गाडीतील चौघांमधली सर्वात धाकटी