एल्को बेटावरचे पुनरुज्जीवन

महोदय,

ऑस्ट्रेलियातील आदिवासींच्या ख्रिस्ती धर्माविषयी लिहिताना सारे श्रेय, किंवा सारा दोष, गोऱ्या मिशनऱ्यांच्या पदरात टाकण्याची सवय आपल्याकडे रूढ झाली आहे. उत्तर ऑस्ट्रेलियातील अर्नहेम लँडच्या किनाऱ्याजवळील एल्को बेटावर 1979 च्या मार्चमध्ये सुरू झालेले पुनरुज्जीवन, म्हणजे ख्रिस्ती श्रद्धेला आलेली नवी जाग, या समजुतीत बसत नाही. तेथे मेथडिस्ट मिशन 1942 मध्ये आले खरे. परंतु पुनरुज्जीवनाला तोंड फुटले ते मिशनची सत्ता ओसरून गावाचा कारभार स्थानिकांकडे येऊ लागल्यावर, आणि त्याचे नेतृत्व तेथल्याच योलंगू या आदिवासी समाजातील धर्मगुरू जिनियिनी गोंडारा यांनी केले. लोक रात्री एकत्र जमत, प्रार्थना करीत, गात. पुढे ही लाट पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातील वॉरबर्टनपर्यंत पोहोचली.

याची पाळेमुळे आणखी मागे जातात. ज्या पवित्र वस्तू स्त्रियांच्या व दीक्षा न झालेल्यांच्या नजरेस पडू द्यायच्या नाहीत असा कडक दंडक होता, त्या कोरीव, रंगवलेल्या काष्ठवस्तू योलंगू वडीलधाऱ्यांनी 1957 मध्ये चर्चजवळ उघड्यावर उभ्या केल्या, आणि त्यांतील एकीच्या माथ्यावर क्रूस होता. पूर्वजांचा धर्म त्यांनी टाकला असता, तर तो असा चर्चच्या दारात मांडला नसता. मिशनांनी केलेले नुकसान मी नाकारीत नाही, पण योलंगूंना केवळ ‘बाटवले गेलेले’ म्हणणे म्हणजे त्यांचा निर्णय त्यांच्याकडून पुन्हा एकदा काढून घेणे होय.

– एक वाचक, पुणे