लिव्हर-अ‍ॅक्शन रायफलीत टोकदार गोळी नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मी पेनसिल्व्हेनियात राहतो आणि परवाना काढून हरणांच्या हंगामात रानात जातो. इकडे स्थायिक झालेले काही मराठी तरुण हल्ली लिव्हर-अ‍ॅक्शन रायफल (चापाजवळचा दांडा, म्हणजे लिव्हर, खाली-वर करून पुढचे काडतूस भरायची रायफल) घेऊ लागले आहेत, त्यांच्यासाठी हे पत्र.

जॉन ब्राउनिंग यांनी रचलेली विंचेस्टर १८९४ आणि १९४८ साली आलेली मार्लिन ३३६ या दोन्हींत काडतुसे नळीखालच्या दुसऱ्या नळीत एकामागे एक बसतात, म्हणजेच प्रत्येक गोळीचे टोक पुढच्या काडतुसाच्या प्रायमरला, म्हणजे बुडाशी असलेल्या, आघाताने पेटणाऱ्या टोपीला टेकलेले असते. तिथे कठीण टोकदार गोळी भरली, तर धक्क्याने आतल्या आत स्फोट होऊ शकतो. म्हणून चपट्या टोकाची किंवा खास मऊ टोकाचीच काडतुसे घ्यावीत, हे मी कळकळीने सांगतो. दाट झाडीत, दीडशे यार्डांच्या आत, .३०-३० काडतुसाची रायफल पुरेशी ठरते. उघड्या माळावर ती घेऊ नये. दुर्बीण लावायची असेल तर मार्लिन सोयीची, कारण तिची रिकामी काडतुसे बाजूने पडतात, जुन्या विंचेस्टरची मात्र वरून.

सर्वाधिक सावधगिरी रायफल रिकामी करताना हवी. या दोन्ही रायफलींत प्रत्येक काडतूस लिव्हर चालवूनच बाहेर काढावे लागते, आणि थंडीने बोटे बधिर झालेली असताना ती चापावर जाणे फार सोपे असते. नळीचे तोंड सुरक्षित दिशेला, बोट चापाबाहेर, आणि शेवटी चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसते त्या जागी, मागून करंगळी घालून खात्री, हा क्रम मी एकदाही मोडत नाही.

आपला,
एक वाचक, पेनसिल्व्हेनिया