गाडीची चावी हातात देणाऱ्या मुलीस

प्रिय बाळ,

तुझं नाव मला पक्कं आठवतं, पण तुला विचारल्याशिवाय ते चारचौघांत घेणं मला बरं वाटत नाही. शोरूममध्ये जाऊन चौकशी केली तेव्हा कळलं की तू तिथली नोकरी सोडलीस. जुना नंबर लागत नाही. तेव्हा हे पत्र सगळ्यांसमोरच लिहिते. कऱ्हाडच्या आसपासचं कुणीतरी वाचेल, तुला ओळखेल आणि तुझ्यापर्यंत पोचवेल असा भरवसा आहे.

आधी मुद्द्याचं सांगते. आमचे हे बरे आहेत. काठी न घेता चालतात, पेपर वाचतात, शब्द जरा सावकाश येतात पण येतात. श्रावणात कुंभार्ली घाटात चालत्या गाडीत त्यांना अर्धांगाचा झटका आला होता. डॉक्टरांनी त्यांना वाचवलं, १०८ च्या गाडीतल्या माणसांनी वाचवलं, हे मी सगळ्यांना सांगते. पण त्या सगळ्यांपर्यंत माझा आवाज पोचला तो तू शिकवलंस म्हणून, आणि हे तुला कुणी सांगितलेलं नसणार.

तुला ती डिलिव्हरी आठवते का? दसरा होता. शोरूममध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. गाड्यांवर लाल कापड, हार, काचेवर कुंकवाचं स्वस्तिक, आणि पुठ्ठ्याची मोठी चावी धरून फोटो काढायला रांग. तुझे साहेब लांबून हातानेच 'आटपा' म्हणत होते. कागदावर माझी सही झाली होती, पेढे वाटून झाले होते, तू मोकळी होतीस. तरी तू शेजारच्या सीटवर येऊन बसलीस, दार ओढून घेतलंस आणि म्हणालीस, "काकू, गाडी तुम्हीच चालवणार ना? मग थोडा वेळ मला द्या."

तू माझा फोन ब्लूटूथला जोडलास आणि स्टिअरिंगवरचं बोलण्याचं बटण दाखवलंस, ज्यावर माणसाच्या तोंडाचं चित्र आहे ते. 'टुंग' वाजेपर्यंत थांबायचं आणि मगच बोलायचं, हे तू माझ्याकडून पुन्हा पुन्हा करून घेतलंस, कारण मी वाजायच्या आधीच बोलायला लागायचे. मग फोनमधली नावं बघितलीस. त्यात 'अहो', 'अहो नवीन नंबर', 'ताई', 'ताई घर' असं सगळं होतं. तू म्हणालीस, एकसारखी दोन नावं असली की गाडी उलटा प्रश्न विचारते, कुठली ताई? घाईच्या वेळी त्या प्रश्नाला उत्तर देत बसायला नको. तिथल्या तिथे तू ह्यांचं, मुलाचं, आमच्या डॉक्टरांचं नाव सुटसुटीत करून दिलंस. फोन कुलपात असतानाही बोलून फोन लागावा, ती परवानगी चालू करून दिलीस. माइक छतावरच्या दिव्यापाशी असतो, तेव्हा काच वर आणि ब्लोअर कमी, हेही सांगितलंस.

आणि मग तू ११२ वर, म्हणजे तातडीच्या मदतीच्या नंबरवर आलीस. बटण दाबून धरलं तर फोनमधला सहायक बोलतो, त्याला नेट लागतं. घाटात नेट गेलं तर तो मुका. तेव्हा बटण नुसतं दाबून सोडायचं, म्हणजे गाडीचा स्वतःचा आवाज येतो, त्याला नेट लागत नाही. 'कॉल वन वन टू' असं सलग म्हणायचं. आपल्या कंपनीचा टॉवर नसला तरी दुसऱ्या कुणाचा असेल त्यावरून ११२ लागायचा प्रयत्न होतो, म्हणून घाटात आधी तोच. मी लगेच लावून बघायला निघाले तर तू माझा हात धरलास. "तो नको काकू, तिथे कुणाचा तरी जीव अडकलेला असतो. काकांना लावून बघा." ह्यांचा फोन बाहेर हाराच्या टेबलापाशी वाजला तेव्हा तुझा चेहरा काय खुलला होता!

अजून दोन गोष्टी तू सांगितल्यास. एक, फोन उचलणारा माणूस आपल्या गावचा नसतो. आपल्या राज्यात ११२ चा फोन नवी मुंबईत किंवा नागपुरात उचलला जातो. तिथे बसलेल्याला 'मारुतीच्या देवळाच्या पुढचं वळण' सांगून कळत नाही. आधी जिल्हा, मग तालुका, मग रस्ता, कुठून कुठे चाललोय, शेवटचं गाव कुठलं गेलं, आणि मग काय झालं ते. दुसरी, बोलणं चालू असताना गाडी बंद करायची नाही. गाडी बंद झाली की ब्लूटूथ सुटतं, आवाज फोनमध्ये जातो, आणि फोन पर्समध्ये असेल तर पर्स शोधत बसावं लागतं.

हे सगळं माझ्या डोक्यात राहिलं, कारण तू वही वाचून दाखवल्यासारखं सांगितलं नव्हतंस. माझ्या तोंडून वदवून घेतलं होतंस.

श्रावणातल्या त्या दिवशी आम्ही चिपळूणला नणंदेकडे सत्यनारायणाला निघालो होतो. पाटण गेलं, कोयनानगर गेलं, हेळवाकच्या पुढे धुकं इतकं दाट की पुढचा टँकर म्हणजे नुसता लाल ठिपका. हे शेजारी बसून बोलत होते. बोलता बोलता जीभ जड झाली, शब्दाला शब्द लागेना. मला वाटलं झोप आली. तेवढ्यात त्यांचा उजवा हात मांडीवरून घसरला आणि गिअरच्या दांड्यावर येऊन पडला. मी म्हटलं, "अहो, हात काढा." तो हात हलला नाही. वळून पाहिलं तर तोंडाची उजवी कड खाली आलेली.

एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी, मागे ट्रक. थांबायला जागा नाही. पर्स मागच्या सीटवर. मी डाव्या हाताने त्यांचा हात उचलून बाजूला ठेवला आणि स्टिअरिंगवरचं बटण दाबून धरलं. सहायक काही बोलेना, नेट गेलेलं. मग बटण दाबून सोडलं, टुंग वाजायची वाट पाहिली आणि म्हटलं, "कॉल वन वन टू." गाडीभर रिंग घुमली.

पलीकडे बाईंचा आवाज आला, मराठीत. मी म्हटलं, "रत्नागिरी जिल्हा, चिपळूण तालुका, कऱ्हाड-चिपळूण रस्ता, कुंभार्ली घाट उतरतेय, हेळवाक मागे गेलं, पोफळी यायचंय. नवऱ्याचं अर्धं अंग लुळं पडलंय." इतकं सलग मी एरवी कधी बोलत नाही. घाटमाथ्यावर सातारा जिल्हा संपतो आणि रत्नागिरी सुरू होतो, त्यामुळे जिल्हा आधी सांगितला नसता तर गाडी पाटणहून पाठवायची की चिपळूणकडून, यातच वेळ गेला असता. त्यांनी एकदाच विचारलं, "उतरताय की चढताय?" आणि लाइनवरच अॅम्ब्युलन्सचा १०८ जोडून दिला.

पुढे खडी टाकायची थोडी मोकळी जागा मिळाली. मी गाडी आत घेतली, चारही इंडिकेटर लावले. सवयीने हात चावीकडे गेला आणि तुझं वाक्य कानात वाजलं. गाडी चालूच ठेवली.

ते पुढचे क्षण मी कधी विसरणार नाही, आणि तुला ते नीट कळावेत असं वाटतं. माझे दोन्ही हात मोकळे होते. कानाला फोन धरायचा नव्हता, मानेखाली दाबायचा नव्हता, स्पीकरचं बटण शोधायचं नव्हतं. १०८ च्या डॉक्टरांचा आवाज चारही दारांतून येत होता आणि मी ते सांगतील तसं करत होते. बेल्ट सोडा. सीट मागे करा. मान एका कुशीला वळवा, लाळ बाहेर येऊ द्या. पाणी देऊ नका, घोटभरसुद्धा नको, गिळता येत नसेल तर श्वासनलिकेत जाईल. घरातली बीपीची गोळी देऊ नका. मी तर पाण्याच्या बाटलीचं झाकण फिरवलंच होतं, ते परत लावलं. दोन्ही हात वर करायला सांगा. ह्यांनी डावा वर केला, उजवा तिथेच. मग त्यांनी विचारलं, शेवटचं नीट बोलले ते किती वाजता? समोर पडद्यावर घड्याळ होतं, मी मघाशी फोन लावताना पाहिलं होतं. दहा चाळीसच्या आधी पाच मिनिटं, मी म्हटलं. त्या वेळी मला कळलं नाही की या एका उत्तरावर पुढचं सगळं अवलंबून आहे.

हे घाबरले होते. त्यांना सगळं कळत होतं, नुसतं बोलता येत नव्हतं, आणि डोळ्यांतून पाणी येत होतं. मी एका हाताने त्यांचं डोकं धरलं होतं आणि दुसऱ्याने तो लुळा हात चोळत होते. हात मोकळे असणं म्हणजे काय, हे मला विचार.

मागच्या ट्रकवाल्या दादांनी आपली गाडी वळणावर आडवी लावून दिवे चालू ठेवले, झाडाच्या फांद्या तोडून रस्त्यावर टाकल्या आणि अॅम्ब्युलन्स येईपर्यंत भर पावसात उभे राहिले. त्यांचेही आभार याच पत्रात मानते. ते कोल्हापूर पासिंगचे होते, एवढंच मला माहीत आहे.

खालून १०८ आली. त्यातल्या डॉक्टरांनी आधी बोट टोचून साखर बघितली, कारण साखर फार उतरली तरी माणूस असाच लुळा दिसतो म्हणे. मग ऑक्सिजन लावला आणि जिथे सीटी स्कॅन होतो त्याच हॉस्पिटलला नेलं, वाटेत दुसरीकडे कुठे थांबले नाहीत. मेंदूत रक्ताची गाठ अडकली आहे की रक्तस्राव झाला आहे हे स्कॅनशिवाय कळत नाही, आणि उपचार दोन्हींचे उलट. ह्यांची गाठ निघाली. गाठ विरघळवणारं इंजेक्शन झटका आल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि जितकं लवकर तितकं चांगलं. तिथल्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न तोच विचारला, किती वाजता सुरू झालं? मी तीच वेळ सांगितली. आम्ही वेळेत होतो.

माझा भाचा जर्मनीत असतो. तो म्हणाला, मामी, युरोपात ३१ मार्च २०१८ पासून येणाऱ्या नव्या मॉडेलच्या गाड्यांना ई-कॉल सक्तीचा आहे. मोठा अपघात झाला की गाडी आपणहून ११२ लावते आणि जागाही कळवते, शिवाय हाताने दाबायचं बटणही असतं. आपल्याकडे बस-टॅक्सीत मदतीच्या लाल बटणाचा नियम आहे, महागड्या गाड्यांत आरशापाशी मदत बोलावायचं एसओएस बटण असतं. आमच्या मधल्या मॉडेलला त्यातलं काही नाही. आमच्या गाडीत जे होतं ते एक साधं बटण, ज्यावर बहुतेक लोक गाणी लावतात, आणि ते कसं वापरायचं हे शिकवणारी तू.

मला याचं फार वाटतं, बाळ. गाडी घेताना आपण मायलेज विचारतो, एअरबॅग मोजतो, सीटकव्हर फुकट मागतो. एअरबॅग आपोआप उघडते, पण हे बटण शिकल्याशिवाय उपयोगाचं नाही, आणि शिकायचं असतं ते गाडी उभी असताना, डोकं शांत असताना. सणाच्या गर्दीत, साहेब ओरडत असताना, एका पन्नाशीच्या बाईला न कंटाळता हे शिकवायला कुणी तुला सांगितलं नव्हतं. तुझ्या फॉर्मवर त्याची चौकटसुद्धा नव्हती, मी नंतर मुद्दाम बघितलं.

आता आमच्या भिशीतल्या ज्या ज्या गाडी चालवतात त्यांच्या शेजारी मी बसते. फोन जोडलेला असतो, पण फोनची नावं गाडीकडे जायची परवानगी कुणी दिलेली नसते, त्यामुळे गाडीला एकही नाव कळत नाही. ते आधी बघते. मग नावं सुटसुटीत करायला लावते, नवऱ्याला किंवा मुलाला फोन लावून बघायला लावते आणि ११२ वर हात जाऊ देत नाही, अगदी तुझ्यासारखं. जिल्हा-तालुका पाठ म्हणून घेते. एकीची गाडी जुनी आहे, तिच्यात आवाजाचं काहीच नाही. तिला फोन डॅशबोर्डवरच्या स्टँडला लावायची सवय लावली, हाताशी तरी राहील.

तुझ्या जुन्या साहेबांना मी हे सगळं लेखी कळवलं आहे. ते वाचून गप्प झाले, मग म्हणाले, यापुढे डिलिव्हरीच्या वेळी हे सगळ्यांना दाखवायला सांगतो. त्या पत्राची एक प्रत त्यांच्या सहीशिक्क्यासह तुझ्यासाठी करून घेतली आहे. तू जिथे असशील तिथे, नव्या नोकरीत किंवा पुढच्या बढतीत, ती कामी येईल. प्रत आणि माझा नंबर दोन्ही रिसेप्शनवर ठेवलंय. घेऊन जा, आणि ह्यांच्याशी फोनवर बोल, ते रोज विचारतात.

कळावे, लोभ असावा.

तुझी,
कऱ्हाडची काकू